सॉफ्ट मशीन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सत्तरच्या दशकातल्या ब्रिटिश संगीतावर लिहायला लागल्यापासून सर्वांत जास्त पत्रं याच एका बँडबद्दल येतात, आणि त्यातली निम्मी वैतागलेली असतात. एकाच बँडचे दोन अल्बम घेतले, एकात गमतीदार गाणी आणि दुसऱ्यात गाणारा माणूसच नाही, हा काय प्रकार? नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. जिथे उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलंय तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. सॉफ्ट मशीन म्हणजे नक्की कोण? अगदी थोडक्यात सांगा.

इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या कँटरबरी शहरातून १९६६ साली निघालेला बँड. सुरुवातीचे चौघे म्हणजे रॉबर्ट वायट (ड्रम आणि गायन), केव्हिन एअर्स (बेस आणि गायन), माइक रॅटलेज (ऑर्गन) आणि ऑस्ट्रेलियातून आलेला डेव्हिड ॲलन (गिटार). १९६७ मध्ये ते चक्रम, रंगीबेरंगी पॉप वाजवत होते. १९७० पर्यंत अठरा-एकोणीस मिनिटांच्या सलग रचना वाजवणारा, सॅक्सोफोन घेतलेला बँड झाला. १९७१ मध्ये गायन पूर्ण थांबलं. १९७५ मध्ये वेगवान गिटार पुढे आली. १९७६ पर्यंत मूळ चौघांपैकी एकही उरला नव्हता, तरी नाव चालू राहिलं आणि आजही चालू आहे.

२. हे विचित्र नाव कुठून आलं?

अमेरिकन लेखक विल्यम बरोज यांच्या १९६१ सालच्या कादंबरीचं हे नाव. डेव्हिड ॲलन पॅरिसमध्ये राहिलेला होता, तिथल्या 'बीट' म्हणवणाऱ्या बंडखोर अमेरिकन लेखकांच्या वर्तुळात त्याची ऊठबस होती. त्याने बरोज यांना फोन करून परवानगी घेतली.

३. 'कँटरबरी' हा शब्द सतत येतो. ते गाव आहे की संगीताचा प्रकार?

आधी गाव, मग प्रकार, आणि प्रकाराची व्याख्या कुणालाच धड करता आलेली नाही. गोष्ट सोपी आहे. कँटरबरीत सायमन लँग्टन नावाची मुलांची शाळा आहे. वायट, रॅटलेज आणि पुढे बँडचा बेसवादक झालेला ह्यू हॉपर हे तिघंही तिथले. वायटच्या आईचं मोठं घर डोव्हरजवळच्या लिडन गावात होतं. तिथे पोरं जमायची, जॅझच्या रेकॉर्ड ऐकायची, वाजवायची, आणि भाड्याने राहायला आलेला ॲलनही तिथेच त्यांना भेटला. १९६४ मध्ये यातल्या काहींनी 'वाइल्ड फ्लॉवर्स' नावाचा बँड काढला. त्या बँडने आपल्या हयातीत एकही रेकॉर्ड काढली नाही, पण त्याच्या माणसांमधून पुढे दोन बँड झाले: सॉफ्ट मशीन आणि कॅराव्हॅन.

लोक 'कँटरबरी शैली' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात साधारण हे असतं: ऑर्गनला गिटारपेक्षा जास्त मान, जॅझचे सूर, मोडकेतोडके वाटणारे पण काटेकोर मोजलेले ठेके, आणि फार गंभीर व्हायला नकार देणारा इंग्रजी विनोद. सॉफ्ट मशीनमधला विनोद मात्र वायटबरोबर निघून गेला. मग नंतरचा सॉफ्ट मशीन 'कँटरबरी' आहे का? माझ्या मते नाही, पण यावर भांडणारे पुष्कळ आहेत.

४. पिंक फ्लॉइडशी त्यांचा काय संबंध?

दोघं एकाच रंगमंचावर वाढले. ऑक्टोबर १९६६ मध्ये लंडनच्या राउंडहाउसमध्ये 'इंटरनॅशनल टाइम्स' या भूमिगत वृत्तपत्राच्या प्रकाशनाचा समारंभ झाला, त्यात दोन्ही बँड होते. सॉफ्ट मशीनने त्या रात्री चालू मोटरसायकलला माइक लावून तिचाही आवाज संगीतात घेतला. त्यानंतर टॉटनम कोर्ट रोडवरचा यूएफओ क्लब सुरू झाला आणि हे दोन्ही बँड तिथले नेहमीचे झाले. एप्रिल १९६७ मध्ये अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये झालेल्या रात्रभराच्या जलशातही दोघं होते.

संबंध पुढेही टिकला. वायटच्या अपघातानंतर (प्रश्न ११) त्याच्या मदतीसाठी नोव्हेंबर १९७३ मध्ये लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये पिंक फ्लॉइडने कार्यक्रम केला, आणि सॉफ्ट मशीनही त्यात वाजवायला आले. फ्लॉइडच्या निक मेसनने वायटच्या 'रॉक बॉटम' या अल्बमची निर्मितीही केली.

५. डेव्हिड ॲलन पहिल्याच वर्षी का गेला? भांडण झालं का?

भांडण नाही, व्हिसा. १९६७ च्या उन्हाळ्यात बँड फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर होता. सँ-त्रोपेच्या परिसरात पिकासोने लिहिलेल्या एका नाटकाच्या प्रयोगांना त्यांनी संगीत दिलं आणि पॅरिसच्या फॅशनेबल मंडळींत त्यांचं एकदम नाव झालं. परतताना ब्रिटिश अधिकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियन ॲलनला देशात घ्यायला नकार दिला, कारण आधीच्या मुक्कामात त्याने व्हिसाची मुदत ओलांडली होती. तो फ्रान्समध्येच राहिला आणि तिथे त्याने 'गाँग' हा बँड काढला. बाकीचे तिघं गिटारशिवाय पुढे गेले.

ही घटना वाटते त्यापेक्षा मोठी आहे. त्या काळातला ब्रिटिश रॉक बँड म्हणजे गिटार हे गृहीतच होतं. गिटारवादक निघून गेल्यावर ती जागा रॅटलेजच्या ऑर्गनला भरावी लागली, आणि बँडचा स्वभाव तिथेच ठरला. ऑर्गनबद्दल प्रश्न ८ पाहा.

६. पहिला अल्बम अमेरिकेत का निघाला? आणि मधेच बँड फुटला होता असं वाचलं, ते खरं का?

खरं आहे. १९६८ मध्ये त्यांना गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या अमेरिका दौऱ्यात आधीचा कार्यक्रम करायची संधी मिळाली. फेब्रुवारीपासून सुरू झालेला हा प्रवास मधली सुट्टी धरून सप्टेंबरपर्यंत चालला. एप्रिलमध्ये न्यूयॉर्कमध्ये पहिला अल्बम झाला. हेंड्रिक्सचा व्यवस्थापक चास चँडलर आणि टॉम विल्सन हे निर्माते होते. उन्हाळ्यात काही काळ अँडी समर्स गिटारवर आला, तोच जो पुढे 'द पोलीस' या बँडमध्ये गेला. एअर्सला तो नको होता, म्हणून त्याला जावं लागलं.

दौरा संपला तेव्हा तिघंही पिळून निघाले होते. एअर्सने बेस विकून टाकला आणि भूमध्यसमुद्राच्या उन्हात निघून गेला. वायट अमेरिकेतच थांबला, रॅटलेज लंडनला परतला, बँड संपला. आणि मग डिसेंबरमध्ये अल्बम बाजारात आला! अस्तित्वात नसलेल्या बँडची पहिली रेकॉर्ड. ती वाजवायला कुणीतरी हवं होतं, म्हणून बँड पुन्हा उभा केला. बेसवर ह्यू हॉपर आला, जो त्या दौऱ्यात त्यांचं सामान उचलायचं आणि लावायचं काम करत होता.

७. हा रॉक बँड होता, मग जॅझ नेमकं कधी शिरलं?

'शिरलं' म्हणण्यापेक्षा उघडं पडलं म्हणावं लागेल. वायट आणि रॅटलेज शाळेपासून जॅझच ऐकत होते. पॉप हा त्यांच्यासाठी १९६६-६७ च्या लंडनमध्ये ऐकून घेतलं जाण्याचा रस्ता होता. १९६७ मधली त्यांची पहिली सिंगल रेडिओवर चालावी म्हणूनच केलेली होती. चालली नाही.

खरा बदल तीन टप्प्यांनी झाला. पहिला टप्पा हॉपर. एअर्स गाणी लिहायचा, साधी आणि गुणगुणता येणारी. हॉपर सुरावटी लिहायचा, लांब, वळणाच्या, शब्दांची गरज नसलेल्या. १९६९ च्या 'व्हॉल्यूम टू'मध्ये दोन्ही गोष्टी एकमेकींना खेटून आहेत. वायट इंग्रजी मुळाक्षरं गातो, मग उलटी गातो, आणि दुसऱ्या बाजूला खाली ऑर्गन-बेस गंभीरपणे भलतंच काहीतरी बांधत असतात.

दुसरा टप्पा १९६९ च्या शरद ऋतूतला. पियानोवादक कीथ टिपेटच्या जॅझ गटातून एल्टन डीन (आल्टो सॅक्सोफोन), मार्क चॅरिग (कॉर्नेट) आणि निक इव्हान्स (ट्रॉम्बोन) आले, शिवाय लिन डॉब्सन सॅक्सोफोन आणि बासरीवर. सात जणांचा बँड झाला. एवढी माणसं पोसणं परवडणारं नव्हतं, काही महिन्यांत बहुतेक गेली आणि १९७० च्या वसंतापर्यंत चौघं उरले: रॅटलेज, वायट, हॉपर, डीन. आज लोक 'अभिजात चौकडी' म्हणतात ती हीच.

तिसरा टप्पा म्हणजे वायट जाणं (प्रश्न ११). त्यानंतर जॅझला अडवणारं कुणी राहिलं नाही. माझं मत विचाराल तर अडवणारं कुणीतरी असतानाच हा बँड सर्वांत चांगला होता. गाणं आणि वादन यांची ओढाताण चालू होती तो काळ जेमतेम दोन वर्षांचा, आणि पुढच्या चाळीस वर्षांची पुण्याई त्यावर आहे.

८. रेकॉर्डवर फाटक्या आवाजाची गिटार ऐकू येते, पण वादकांच्या यादीत गिटारवादक नाही. कोण वाजवतंय?

रॅटलेज, ऑर्गनवर. त्या वेळी बहुतेकांकडे हॅमंड ऑर्गन असायचा. रॅटलेजकडे लोरी कंपनीचा होता, मुळात घरगुती बैठकीसाठीचा आणि काहीसा नाजूक आवाजाचा. त्याने तो गिटारच्या फझ पेटीतून (आवाज मुद्दाम फाडणारं उपकरण) आणि मोठ्या ॲम्प्लिफायरमधून नेला. आवाज फाटला, चिरका झाला आणि हेंड्रिक्सच्या शेजारी उभा राहू शकला.

त्यात एक अडचण होती. एवढ्या आवाजावर बोटं पट्ट्यांवरून उचलली की सगळी यंत्रणा किंचाळायला लागायची. उपाय एकच, बोट उचलायचंच नाही. रॅटलेजची एकल वादनं श्वास न घेता धावल्यासारखी वाटतात, एक सूर दुसऱ्याला चिकटून येतो, त्यामागे हे साधं कारण आहे. शैली म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो ती यंत्राने लादलेली शिस्त होती.

काही ठिकाणी फाटका आवाज खालच्या सुरातला असतो. तो हॉपरचा बेस. त्यालाही फझ लावलेला असायचा.

९. 'थर्ड' हा अल्बम श्रेष्ठ म्हणतात, पण मला पहिली पाच मिनिटं सहन होत नाहीत. कसा ऐकायचा?

पहिल्या बाजूपासून सुरुवात करू नका, एवढंच.

'थर्ड' १९७० मध्ये आला. दोन तबकड्या, चार बाजू, प्रत्येक बाजूवर एकच रचना, प्रत्येकी साधारण अठरा-एकोणीस मिनिटांची. पहिल्या बाजूवरची हॉपरची 'फेसलिफ्ट' जानेवारी १९७० मधल्या क्रॉयडन आणि बर्मिंगहॅम इथल्या दोन मैफिलींच्या टेप कापून-जोडून तयार केली आहे. सुरुवातीला ऑर्गनचा नुसता कल्लोळ आहे, आणि ध्वनिमुद्रणही खरखरीत आहे. बऱ्याच जणांची हिंमत तिथेच संपते.

माझा क्रम असा: आधी तिसरी बाजू, 'मून इन जून'. ही वायटची. पहिला मोठा भाग त्याने जवळजवळ एकट्याने वाजवला आणि गायला आहे, बाकीचे नंतर येतात. परदेशातलं एकटेपण, घरची आठवण, मधेच स्वतःचीच चेष्टा असं सगळं एका दमात येतं. जून १९६९ मध्ये बीबीसीच्या रेडिओ कार्यक्रमासाठी हीच रचना गाताना त्याने शब्द बदलून चक्क बीबीसीच्या स्टुडिओचे आभार मानले होते. ते ध्वनिमुद्रणही उपलब्ध आहे आणि मला मूळ रचनेइतकंच आवडतं.

मग दुसरी बाजू, रॅटलेजची 'स्लाइटली ऑल द टाइम'. चारींमध्ये सर्वांत शुद्ध जॅझ आणि सर्वांत प्रसन्न. शेवटाकडे येणारी संथ सुरावट इतकी सुंदर आहे की कॅराव्हॅनने १९७३ मध्ये ती आपल्या अल्बममध्ये घेतली. त्यानंतर चौथी बाजू, 'आउट-ब्लडी-रेजस'. सुरुवातीला आणि शेवटाला टेपची चक्रं आहेत. तुकडे जोडून गोल फिरवलेली, एकमेकांवर सरकत जाणारी. अमेरिकन संगीतकार टेरी रायली याच्याकडून आलेली ही कल्पना. ॲलन त्याला पॅरिसपासून ओळखत होता, आणि ॲलन गेल्यावरही त्याचा हा वारसा बँडमध्ये राहिला. 'फेसलिफ्ट' सगळ्यांत शेवटी, मोठ्या आवाजात. तोवर कान तयार झालेला असतो.

१०. ठेका मोजायला गेलं की चुकतं. किती मात्रा आहेत?

रचनेगणिक आणि कधी कधी भागागणिक वेगळ्या. 'स्लाइटली ऑल द टाइम'मध्ये अकराची आणि नऊची आवर्तनं आहेत, इतरत्र सात वारंवार येतात. रूपक ऐकत मोठ्या झालेल्या कानाला सात मात्रा परक्या नाहीत, त्यामुळे मराठी श्रोत्याला खरं तर इथे थोडी आघाडीच आहे. फरक इतकाच की इथे ठेका धरून ठेवण्याचं काम बहुधा बेसची आवर्ती सुरावट करते आणि ड्रम त्यावर मोकळे सुटतात. म्हणून ड्रमकडे बघून मोजू नका, बेस ऐका.

११. रॉबर्ट वायट खिडकीतून पडला म्हणून त्याने बँड सोडला ना?

नाही. सर्वांत जास्त पसरलेला गैरसमज हाच. वायटने बँड ऑगस्ट १९७१ मध्ये सोडला. अपघात १ जून १९७३ रोजी झाला, एका पार्टीत तो वरच्या मजल्याच्या खिडकीतून पडला आणि कमरेखालचं शरीर निकामी झालं. दोन्हींमध्ये जवळजवळ दोन वर्षं आहेत.

बँडमधून जाण्याचं कारण संगीत. त्याला गायचं होतं, बाकीच्यांना गाणं नको होतं. १९७१ चा 'फोर्थ' संपूर्ण वाद्यसंगीताचा आहे, आणि त्यात वायट फक्त ड्रम वाजवतो. ज्याचा आवाज ही बँडची ओळख होती तो माणूस त्या अल्बमवर एक अक्षरही उच्चारत नाही. पुढे मुलाखतींमधून तो स्वेच्छेने गेल्यासारखं कधीच बोलला नाही, आपल्याला बाहेर काढलं अशीच त्याची भावना राहिली. लगेच त्याने 'मॅचिंग मोल' हा बँड काढला. अपघातानंतर पायाने ड्रम वाजवणं शक्य नव्हतं, तेव्हा तो पूर्णपणे गायक आणि रचनाकार झाला आणि १९७४ मध्ये 'रॉक बॉटम' आला.

१२. रॉयल अल्बर्ट हॉलमधली ती प्रसिद्ध मैफल कोणती?

१३ ऑगस्ट १९७० ची, बीबीसीच्या प्रॉम्स महोत्सवातली. शास्त्रीय संगीताच्या त्या महोत्सवात रॉकमधून आलेला बँड बोलावणं ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. संगीतकार टिम साउस्टर याने त्यांना आमंत्रण दिलं होतं. कार्यक्रमाआधी वायट मागच्या दाराशी सिगरेट ओढायला गेला तेव्हा दारवानाने त्याला परत आत घ्यायला खळखळ केली, ही गोष्ट वायट स्वतः रंगवून सांगतो. वादन त्यांच्या मानाने मध्यमच झालं. ध्वनिमुद्रण १९८८ मध्ये प्रसिद्ध झालं. ऐतिहासिक म्हणून ऐका, पहिली ओळख म्हणून नको.

१३. 'फिफ्थ'च्या दोन बाजू दोन वेगळ्या बँडच्या वाटतात. माझा भ्रम आहे का?

नाही. ड्रमवादक वेगळे आहेत. वायटच्या जागी ऑस्ट्रेलियन फिल हॉवर्ड आला, डीनच्या आग्रहाने. तो पूर्ण मुक्त वाजवायचा, ठेका सांगायचाच नाही. डीनला ते हवंच होतं. लिहिलेल्या रचनांवर प्रेम असणाऱ्या रॅटलेज आणि हॉपरला ते झेपेना, आणि अल्बम अर्धा झालेला असताना हॉवर्डला काढलं. दुसरी बाजू जॉन मार्शलने वाजवली. १९७२ ची ती तबकडी उलटली की एक भांडण संपून दुसरी राजवट सुरू झालेली ऐकू येते. काही महिन्यांत डीनही गेला.

१४. 'न्यूक्लियस'ने सॉफ्ट मशीन बळकावला असं म्हणतात. म्हणजे काय?

न्यूक्लियस हा ट्रम्पेटवादक इयन कार याचा १९६९ मध्ये सुरू झालेला जॅझ-रॉक गट. १९७० मध्ये माँत्रोच्या महोत्सवात त्यांनी स्पर्धा जिंकली होती. मार्शल मूळचा तिथला. डीनच्या जागी आलेला वेल्श वादक कार्ल जेंकिन्स (ओबो, सॅक्सोफोन, पियानो) तिथलाच. १९७३ मध्ये हॉपर गेला आणि रॉय बॅबिंग्टन आला, तोही तिथला. बॅबिंग्टनने त्याआधी 'फोर्थ' आणि 'फिफ्थ'वर पाहुणा म्हणून डबल बेस वाजवला होता. म्हणजे १९७३ च्या 'सेव्हन'पर्यंत चौघांपैकी तिघं न्यूक्लियसचे आणि एकटा रॅटलेज जुना.

'बळकावला' हा शब्द मला अन्यायाचा वाटतो. रॅटलेज हळूहळू लिहीनासा झाला होता आणि जेंकिन्स भराभर लिहीत होता. रिकामी खुर्ची कुणीतरी घेणारच. हे मात्र खरं की जेंकिन्सच्या रचना वेगळ्या घडणीच्या आहेत: छोटी, ठसठशीत सुरावट पुन्हा पुन्हा आणायची आणि तिच्यावर एकाने वाजवायचं. रॅटलेज-हॉपरच्या रचना कुठे वळतील याचा नेम नसायचा, जेंकिन्सच्या वळत नाहीत, घुमतात. एक पुरावाही देतो. 'बंडल्स'वरच्या 'हॅझर्ड प्रोफाइल'ची मुख्य सुरावट जेंकिन्सने न्यूक्लियसमध्ये असतानाच लिहिली होती, त्यांच्या दुसऱ्या अल्बममध्ये ती आहे.

१५. मला फक्त गिटारसाठी ऐकायचं आहे. कुठला अल्बम?

१९७५ चा 'बंडल्स', दुसरा विचार करू नका. ॲलन होल्ड्सवर्थ १९७३ च्या अखेरीस बँडमध्ये आला. समर्सचा थोडका काळ सोडला तर १९६७ नंतरचा हा पहिला गिटारवादक. 'हॅझर्ड प्रोफाइल' पाच भागांची आहे, पहिल्या भागात होल्ड्सवर्थ जे करतो ते अजून गिटारवादकांना घाम फोडतं. सूर छेडल्याचा खटका ऐकूच येत नाही, सॅक्सोफोन वाजवल्यासारखी ओळ वाहते. १९७५ मध्ये तो अमेरिकेला जॅझ ड्रमवादक टोनी विल्यम्सच्या गटात गेला. जाताना त्यानेच जॉन एथरिजचं नाव सुचवलं. एथरिजचं काम १९७६ च्या 'सॉफ्ट्स'मध्ये ऐकायला मिळतं, आणि तोही कमी नाही.

१६. शेवटचा मूळ सदस्य कधी गेला? त्यानंतरच्या बँडला सॉफ्ट मशीन म्हणावं का?

रॅटलेज, १९७६ च्या सुरुवातीला. 'सॉफ्ट्स'मध्ये तो दोन रचनांवर पाहुणा म्हणून आहे आणि मग नाही. त्यानंतर जेंकिन्स आणि मार्शल यांनी नाव चालवलं. १९७७ मध्ये पॅरिसला वाजवलेला कार्यक्रम पुढच्या वर्षी 'अलाइव्ह अँड वेल' म्हणून आला. त्यात रिक सँडर्सचं व्हायोलिन आहे, आणि शेवटी चक्क डिस्कोच्या जवळ जाणारा यांत्रिक ठेका. १९८१ च्या 'लँड ऑफ कॉकेन'मध्ये बेसवर 'क्रीम' बँडचा नामांकित जॅक ब्रूस असूनही तो मला शोभेचं संगीत वाटतो. १९८४ मध्ये लंडनच्या रॉनी स्कॉट्स क्लबमध्ये काही कार्यक्रम झाले आणि तो अध्याय मिटला.

म्हणावं का? कायद्याने होय. कानाने म्हणाल तर मी रेघ १९७६ वर ओढत नाही. ती १९७१ वर ओढतो, कारण चौकडी मोडली ती तेव्हा. पण १९७३ चा 'सिक्स' मी दर पावसाळ्यात लावतो आणि त्यातली 'क्लोई अँड द पायरेट्स' ऐकताना ही रेघ काढण्यात काय अर्थ आहे असंही वाटतं.

१७. सॉफ्ट हीप, सॉफ्ट वर्क्स, सॉफ्ट मशीन लेगसी: हे सगळे तेच का?

माजी सदस्यांचे निरनिराळे गट. यातले दोन महत्त्वाचे.

सॉफ्ट वर्क्स २००२ मध्ये झाला: डीन, हॉपर, मार्शल आणि होल्ड्सवर्थ. हे चौघं मूळ बँडमध्ये एकाच वेळी कधीच नव्हते. २००४ मध्ये होल्ड्सवर्थच्या जागी एथरिज आला आणि नाव झालं सॉफ्ट मशीन लेगसी. २००६ मध्ये डीन वारला, थिओ ट्रॅव्हिस आला. २००९ मध्ये हॉपर वारला, बॅबिंग्टन परतला. २०१५ मध्ये त्यांनी 'लेगसी' शब्द काढून टाकला. म्हणजे आजचा सॉफ्ट मशीन याच रांगेतला. २०१८ चा 'हिडन डिटेल्स' आणि २०२३ चा 'अदर डोअर्स' हे त्यांचे अल्बम. मार्शल सप्टेंबर २०२३ मध्ये गेला. ड्रमवर आता असफ सिर्किस आहे.

१८. एल्टन जॉन आणि सॉफ्ट मशीन यांचा संबंध खरा की अफवा?

खरा. रेजिनाल्ड ड्वाइट नावाचा पियानोवादक आणि एल्टन डीन 'ब्लूजॉलॉजी' या गटात एकत्र होते. ड्वाइटने रंगमंचासाठी नाव घेताना 'एल्टन' डीनकडून घेतलं आणि 'जॉन' गायक लाँग जॉन बॉल्ड्रीकडून.

अशीच दुसरी विचारणा असते: शांततेसाठीची ती भव्य समूहगान रचना, 'द आर्म्ड मॅन', लिहिणारा कार्ल जेंकिन्स हाच का? हाच. त्याचा १९९५ चा 'आदिएमुस'ही एका विमान कंपनीच्या जाहिरातीतून वाढला. २०१५ मध्ये तो 'सर' झाला. २०२३ च्या राज्याभिषेकाला त्याच्या भरघोस मिशा पाहून वेष बदललेली मेगन मार्कल आहे अशी गंमत समाजमाध्यमांवर फिरली, तोही हाच गृहस्थ.

१९. 'जेट प्रोपेल्ड फोटोग्राफ्स' हा पहिला अल्बम आहे का? सगळीकडे १९६७ साल दिसतं.

अल्बम नाही, कच्ची ध्वनिमुद्रणं आहेत. एप्रिल १९६७ मध्ये निर्माता जॉर्जिओ गोमेल्स्की याने लंडनच्या एका स्टुडिओत ॲलनसह चौघांची काही गाणी नमुन्यादाखल घेतली. ती बरीच वर्षं पडून होती आणि नंतर वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या मुखपृष्ठांत पुन्हा पुन्हा निघाली. म्हणून विकत घेताना गाण्यांची यादी पाहा, नाहीतर तेच तीनदा येईल. ॲलनची गिटार बँडमध्ये कशी वाटायची हे कळायला एवढंच मोठं साधन आहे. ती त्याच्याकडून नीटशी वाजत नाही, असं तो स्वतःही मान्य करायचा. वायटचा आवाज मात्र तेव्हाच पक्का होता.

२०. अल्बमना आकडे दिलेत, मग 'एट' कुठे आहे?

नाही. आकड्यांची रीत 'सेव्हन'वर थांबली. पुढचा अल्बम नव्या कंपनीकडे गेला आणि 'बंडल्स' हे नाव घेऊन आला. क्रमाने मोजलं तर आठवा तोच. मैफिलींची जुनी ध्वनिमुद्रणं नंतर डझनावारी प्रसिद्ध झाली आहेत, ती या मोजणीत धरू नका. त्यांपैकी दोन नक्की मिळवा: जानेवारी १९७० ची 'न्वाझेत', ज्यात डॉब्सनसकट पाच जण आहेत, आणि १९७१ ची 'ड्रॉप', ज्यात फिल हॉवर्डला काढण्याआधीचा बँड ऐकू येतो. प्रश्न १३ मधलं भांडण कशावरून झालं ते 'ड्रॉप' ऐकल्यावर कळतं, आणि मग बाजू कुणाची घ्यायची ते तुमचं तुम्ही ठरवा.